भटक्या कुत्र्यांच्या उपचारासाठी पैसे कसे उभे करायचे? मराठवाड्यातल्या प्राणिमित्रांचे नेहमीचे प्रश्न

परभणी, लातूर, बीड, नांदेड, जालना, कुठेही जा, चार-पाच जणांचा एखादा गट रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांसाठी धडपडताना सापडतोच. बहुतेकांकडे नोंदणीकृत संस्था नसते, निवारा नसतो. घरामागचं पत्र्याचं शेड, एक दुचाकी आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप एवढ्यावर काम चालतं. अशा गटांकडून आणि त्यांना पैसे देणाऱ्यांकडून आमच्याकडे सतत येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. आमचं ठाम मत आधीच सांगतो. कुत्रा गाडीखाली आल्यावर पैसे मागायला निघालात तर उशीर झालेलाच असतो. थोडी का होईना, रक्कम आधीपासून हाताशी हवी आणि तिचा हिशोब कुणालाही बघता आला पाहिजे.

रस्त्यावर जखमी कुत्रा दिसला. आधी वर्गणी की आधी दवाखाना?

आधी दवाखाना. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात केस पेपर नाममात्र शुल्कात निघतो. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. मोडलेलं हाड, पोटाचं ऑपरेशन अशी अवघड केस असेल, तर परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने हा आपल्या भागाचा मोठा आधार आहे. १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल-फ्री क्रमांक मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यामेंढ्यांसाठी असला, तरी विचारून बघायला हरकत नाही.

उचलताना घाई करू नका. वेदनेत असलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो. त्याला जाड चादरीवर किंवा पोत्यावर सरकवून घ्या. तोंडाला कापडी पट्टी बांधता येते, पण उलट्या होत असतील किंवा धाप लागली असेल तर बांधू नका. चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. ती तिथे मोफत मिळते.

आणखी एक गोष्ट हात जोडून सांगतो. घरातली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी कुत्र्याला देऊ नका. पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. मग पायाच्या उपचारासाठी जमवलेले पैसे त्या गोळीने केलेलं नुकसान निस्तरण्यात जातात.

खर्च नेमका कशावर होतो? सरकारी दवाखान्यात तर स्वस्तात होतं ना?

तपासणी स्वस्तात होते. खर्च त्यानंतर सुरू होतो, आणि देणगीदारांना हेच सर्वात कमी माहीत असतं.

गाडीच्या धडकेची केस घ्या. सोलापूर–धुळे महामार्गालगतच्या गावांत या केस नेहमीच्या. एक्स-रे काही शेकडा रुपयांत होतो, पण हाडाला प्लेट किंवा रॉड घालायची वेळ आली की आकडा हजारांत जातो. त्यावर ऑटोचं भाडं, प्रतिजैविकं, पट्ट्या आणि पुढचे काही आठवडे कुत्र्याला एका जागी ठेवून खाऊ-पिऊ घालणं. कधी डॉक्टर पाय काढायचा सल्ला देतात. लोक हळहळतात, पण तीन पायांवर कुत्रा चांगला धावतो. अर्धवट जुळलेल्या, सतत दुखणाऱ्या पायापेक्षा ते पुष्कळ बरं.

पावसाळ्यात जखमेत किडे पडण्याच्या केस वाढतात. माशीने अंडी घातली की दिवसभरातच अळ्या निघतात आणि मांस आतून पोखरू लागतात. बाहेरून रुपयाएवढं भोक दिसतं; डॉक्टर चिमट्याने अळ्या काढायला लागतात तेव्हा आतली पोकळी मुठीएवढी निघते. पहिलं ड्रेसिंग फार महाग नसतं. रोज ड्रेसिंग करायचं, रोज कुत्रा पकडायचा, रोज नेऊन आणायचा, यात पैसे जातात.

जननेंद्रियावरची टीव्हीटी नावाची गाठ आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांत बरीच दिसते. समागमातून पसरणारा हा एक कर्करोग आहे, पण बरा होणारा. व्हिनक्रिस्टीनचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा, साधारण चार ते सहा वेळा द्यावं लागतं, आणि डोस देण्याआधी रक्त तपासावं लागतं. आमच्या कॉलनीतल्या एका कुत्रीच्या गाठीतून सतत रक्त ठिबकायचं. लोक दगड मारून तिला हाकलायचे. दुसऱ्या इंजेक्शननंतर रक्त थांबलं, गाठ आक्रसली, आणि तिथेच देणग्याही थांबल्या, कारण सगळ्यांना वाटलं ती बरी झाली. उरलेले डोस तेवढेच गरजेचे होते. मध्येच सोडलं तर गाठ पुन्हा वाढू शकते आणि औषधाला दाद देईनाशी होते. म्हणून अशा केससाठी पहिल्याच दिवशी सगळ्या इंजेक्शनांचे पैसे मागा.

पिल्लांना पार्व्हो झाला की उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. सलाईन काही दिवस चालतं आणि पिल्लू वेगळं ठेवावं लागतं, कारण हा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो. लस सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून देता येते आणि उपचाराच्या तुलनेत फार स्वस्त पडते. तरी लसीसाठी पैसे मागितले तर कुणी देत नाही, मरणाऱ्या पिल्लासाठी लगेच देतात. तुमच्या निधीतला एक वाटा लसीसाठी आधीच बाजूला काढून ठेवा.

किती रक्कम मागावी?

डॉक्टरांकडून अंदाज लिहून घ्या. त्यात प्रवास, औषधं, बरं होईपर्यंतचं खाणं आणि शक्य असेल तर शेवटी नसबंदी व रेबीजची लस धरा. एवढंच मागा. ‘जमेल तेवढं द्या’ असं लिहिलं की लोक पुढे सरकतात. नेमका आकडा दिसला की त्यातलं काहीतरी आपण उचलावं असं वाटतं. रक्कम पूर्ण झाली की त्याच ठिकाणी तसं जाहीर करा आणि मागणं बंद करा. आमच्या अनुभवात लोकांचा विश्वास सर्वात जास्त यामुळेच बसतो.

आवाहनाचा मेसेज कसा लिहावा? रक्ताळलेला फोटो टाकावा का?

मेसेज छोटा आणि माहितीचा असावा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत:

‘काल संध्याकाळी मोंढ्याजवळ गाडीची धडक बसलेली तपकिरी कुत्री. मागचा डावा पाय मोडलाय, एक्स-रे काढला. ऑपरेशन, औषधं आणि नंतरची देखभाल मिळून डॉक्टरांचा अंदाज ७,००० रुपये. जमा २,३००, अजून हवेत ४,७००. केस पेपर आणि एक्स-रेचा फोटो सोबत. रक्कम पूर्ण झाली की इथेच कळवू, त्यानंतर पाठवू नये.’

फोटोत कुत्र्याचा चेहरा दिसावा, जखम ओळखू यावी, एवढं पुरे. उघड्या जखमेचा जवळून काढलेला फोटो बघून पुष्कळ जण ग्रुपच सोडतात, आणि ते पुढच्या वेळीही तुमच्याबरोबर नसतात. धडक देणाऱ्या चालकाला, शेजाऱ्याला किंवा नगरपालिकेला शिव्या देणारी वाक्यं मेसेजमधून काढून टाका. तक्रार करायची तर पोलिसांत करा. प्राण्याला ठार मारणं किंवा अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

पैसे कुणाच्या खात्यात घ्यावेत?

घरखर्चाच्या खात्यात घेऊ नका, हेतू कितीही स्वच्छ असला तरी. नोंदणी नसेल तर दोघांच्या नावाने वेगळं संयुक्त बचत खातं काढा आणि त्याचाच क्यूआर कोड सगळीकडे वापरा. याहून सोपा मार्ग म्हणजे मोठी रक्कम देणाऱ्याला थेट डॉक्टरांना किंवा मेडिकलला पैसे पाठवायला सांगा आणि पावतीवर कुत्र्याची ओळख लिहून घ्या: ‘मोंढा, तपकिरी कुत्री’. आमच्याकडे पुष्कळसे व्यापारी याच पद्धतीने देतात, कारण मधल्या कुणावर विश्वास टाकायची गरजच राहत नाही.

हिशोब कसा ठेवावा?

साधी वही चालते. प्रत्येक कुत्र्यासाठी एक पान ठेवा. वर त्याचा फोटो किंवा ओळख, डावीकडे आलेले पैसे, उजवीकडे गेलेले. ‘ऑटो जाऊन-येऊन १५०, एक्स-रे ४००, सुई-सलाईन २२०’ अशा ओळी, आणि पावत्या पानामागे टाचलेल्या. ऑटोवाला पावती देत नाही. त्याच्याकडून वहीतच सही घ्या. केस संपली की पानाचा फोटो ग्रुपवर टाका. देणगीदाराचं नाव त्याच्या परवानगीशिवाय टाकू नका, आद्याक्षरं पुरतात.

महिनाअखेर एकूण जमा, खर्च आणि शिल्लक जाहीर करा, शिल्लक शून्य असली तरी. हिशोब लिहिणारा आणि पैसे खर्च करणारा ही दोन वेगळी माणसं असावीत. कुणावर संशय आहे म्हणून हे सांगत नाही. उद्या कुणी आरोप केलाच, तर ज्याने रात्री-अपरात्री जखमी जनावर उचललं त्याला एकट्याला तोंड द्यावं लागू नये, म्हणून सांगतो.

दर महिन्याला १०० रुपये मागून काय होणार?

पुष्कळ होतं. शंभर जणांनी १०० रुपये दिले की महिन्याला १०,००० होतात. रात्री अकराला फोन आला की गटातला माणूस आधी पैशांची चिंता न करता ऑटो बोलावू शकतो. डॉक्टरांची उधारी थकत नाही, म्हणून ते सुट्टीच्या दिवशीही फोन उचलतात. आठवड्यांनी लांबणारी टीव्हीटीची इंजेक्शनं मधेच तुटत नाहीत. आणि सतत मागण्याचा जो थकवा येतो, त्यानेच बहुतेक गट दोन-तीन वर्षांत बंद पडतात, तोही कमी होतो.

मागायची वेळ मात्र बघा. पगारदारांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आठवण करा. शेतकऱ्याकडे दरमहा पैसा येत नाही. सोयाबीन विकून हातात रक्कम येते ती दिवाळीच्या आसपास, कापसाची त्यानंतर. त्याला वर्षातून एकदाच विचारा, आणि पाऊस दगा देऊन गेला असेल त्या वर्षी विचारूच नका. शेतातल्या आखाड्यावर दोन दिवस एखादा कुत्रा ठेवून घेतला, भाकरी घातली, तर त्याची देणगी पोचली.

मिळालेले पैसे सगळे खर्च करू नका. दोन मोठ्या ऑपरेशनांना पुरेल एवढी रक्कम कायम शिल्लक ठेवा आणि ती कशासाठी आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या.

आमच्या गावात ऑनलाइन पैसे देणारे कमी. मग कुठे मागायचं?

मोंढ्यात. आडत दुकानदारांच्या दारात रोज कुत्री असतात, रात्री मालाची राखण तीच करतात, आणि दुकानदारांना याची जाण असते. रोख कमी मिळेल, पण रिकामी पोती, दुकानामागे दोन दिवस कुत्रा ठेवायला जागा, टेम्पोत परतीच्या फेरीला फुकट नेणं, हे मिळतं. मेडिकलवाल्याकडून औषधं खरेदी किमतीला मागा.

दत्तजयंतीला देवळाबाहेर, विश्वस्तांची परवानगी घेऊन, टेबल मांडता येतं. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत आणि माहूर आपल्याच भागात आहे. तिथे फार समजावून सांगावं लागत नाही. खंडोबाच्या भक्तांचंही तसंच. वाढदिवसाला केकऐवजी एका पिल्लाच्या लसीचे पैसे, ही कल्पना शाळकरी मुलांनी आमच्यापेक्षा जास्त उचलून धरली.

बीड आणि आसपासच्या तालुक्यांत एक वेगळी गरज असते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, वस्त्या-तांड्यांवरची घरं बंद होतात आणि दारातली पुष्कळ कुत्री मागे राहतात. त्या महिन्यांत खाण्यासाठी वेगळा निधी ठेवा.

संस्था नोंदवावी का?

वर्षाला चार-दोन केस असतील तर घाई नको. काम नियमित असेल तर नोंदवा. संस्था ‘सोसायटी’ म्हणून नोंदवायची तर किमान सात सदस्य लागतात. धर्मादाय कार्यालयात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी होते. गणेश मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात ती याच कायद्याच्या कलम ४१क खाली. नोंदणी नसताना जाहीर वर्गणी गोळा करायची असेल तर त्याच कार्यालयात आधी विचारा.

करसवलत हवी असलेले देणगीदार ‘ऐंशी जी’, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यातलं देणगीवरच्या सवलतीचं कलम, विचारतात. त्यासाठी संस्थेला आयकर विभागाची वेगळी मान्यता लागते. सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. एक चांगला सीए जोडून घ्या. यात बरेच सीए सेवा म्हणूनही मदत करतात.

अमेरिकेतला भाऊ पैसे पाठवतो म्हणतो. घ्यावेत का?

त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, धरली जाते. मग परदेशी योगदान नियमन कायदा, २०१० खालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतलं ठरावीक खातं लागतं. लहान गटाने अशी रक्कम घेऊ नये.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, मिळतो का?

कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात प्राणिकल्याण आहे, म्हणजे वाट मोकळी आहे. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात मोठ्या कंपन्या आहेत, जालन्यात पोलाद कारखाने आहेत. पण नोंदणीकृत संस्था, सीएसआर-१ अर्ज आणि लेखापरीक्षण झालेले हिशोब लागतात. एकेका जखमी कुत्र्यासाठी कंपनी पैसे देत नाही. रुग्णवाहिका, पिंजरे, लसीकरण मोहीम असं मोजता येणारं काम घेऊन जा.

माणसांचे हाल होत असताना कुत्र्यांसाठी पैसे कसे मागता?

हा प्रश्न मराठवाड्यात कुणी विचारला तर चिडू नका. ज्याने दुष्काळ पाहिला, टँकरच्या रांगेत उभा राहिला, ज्याच्या घरातला कर्ता गेला, त्याला हे विचारायचा हक्क आहे.

आमचं उत्तर असं. कोरडी भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव हिंगोलीतल्या नर्सीचे. काशीहून आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी करणारे एकनाथ पैठणचे. या कथा आपल्याच मातीत सांगितल्या गेल्या, आणि त्या सांगणारी माणसं काही सुखवस्तू नव्हती. आपल्या माणसांनी दया कधी माणसांची वेगळी, जनावरांची वेगळी अशी वाटून घातली नाही.

शिवाय हा पैसा माणसांपर्यंतही पोचतो. लस टोचलेला, नसबंदी झालेला कुत्रा वस्तीत राहिला तर रेबीजचा धोका कमी होतो, आणि कुत्रा चावतो तेव्हा त्याची झळ सर्वात आधी रस्त्यावर खेळणाऱ्या गरिबाच्या लेकराला बसते. म्हणून निधीतला पैसा कुठे गेला हे सांगताना लस किती कुत्र्यांना दिली तेही सांगा.

नसबंदीचा खर्च नगरपालिकेचा ना? मग आम्ही का करावा?

बरोबर. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, आणि हा कार्यक्रम प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेमार्फतच चालवायचा असतो. गटाने स्वतःच शिबिर भरवू नये. नगरपालिकेकडे लेखी मागणी करा, अर्थसंकल्पात तरतूद किती हे माहितीच्या अधिकारात विचारा. वर्गणी मागण्याइतकंच हे काम महत्त्वाचं आहे. तुमच्या ताब्यात उपचारासाठी असलेल्या एखाद्या कुत्रीची नसबंदी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या. तिचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा असतो, वर्षात दोनदा पिल्लं होऊ शकतात.

बरा झालेला कुत्रा कुठे सोडायचा?

जिथून उचलला तिथेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही नसबंदी व लस झालेल्या कुत्र्यांना त्याच भागात सोडायचं म्हटलं आहे. रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे त्याला अपवाद. शाळा, रुग्णालय, बसस्थानक, रेल्वे स्थानक अशा आवारांतून हटवलेल्या कुत्र्यांना ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानुसार तिथे परत सोडता येत नाही. अशा केसमध्ये घर शोधावं लागतं, किंवा दीर्घकाळ सांभाळायचा खर्च धरावा लागतो.

कुत्रा वाचला नाही तर उरलेल्या पैशांचं काय?

त्याच दिवशी कळवा. डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार मेंदूपर्यंत गेलेला असेल, कणा मोडला असेल, तर वाचण्याची आशा थोडी असते, हे आवाहनातच सांगितलेलं असलं पाहिजे. उरलेली रक्कम परत हवी का, की पुढच्या केसला वापरू, असं विचारा. बहुतेक जण वापरा म्हणतात, पण विचारलं म्हणून म्हणतात. डॉक्टर शांत मरण देण्याचा सल्ला देत असतील, तर देणगीदार नाराज होतील या भीतीने जनावराचे हाल लांबवू नका.

देणगीदार म्हणून फसवणूक कशी ओळखावी?

फोटो गुगल लेन्सवर टाकून बघा. जुना किंवा दुसऱ्या राज्यातला असेल तर सापडतो. डॉक्टरांचं नाव विचारा, दवाखान्यात फोन करा. केस पेपर नाही, गाव सांगत नाहीत, खातं दर वेळी वेगळं, असं दिसलं तर थांबा. पावती मागितल्यावर जो चिडतो त्याला पैसे देऊ नका. पावती मागताना तुम्हीही संकोचू नका, चांगल्या गटाला त्याने बरंच वाटतं.

माझ्याकडे पैसे नाहीत. मी काय करू शकतो?

हिशोबाची वही सांभाळा, हे काम करायला माणूसच मिळत नाही. औषधाच्या वेळा पाळा. उन्हाळ्यात दारात पाण्याचं पसरट भांडं ठेवा आणि ते रोज धुवा. आणि तुमच्या घरी लसीकरण झालेला, तरुण, २५ किलोच्या वरचा निरोगी कुत्रा असेल, तर त्याची नोंद जवळच्या डॉक्टरांकडे करून ठेवा. गोचीडतापाने अंगातलं रक्त उतरलेल्या कुत्र्याला तातडीने रक्त चढवावं लागतं, आणि आपल्याकडच्या लहान शहरांत कुत्र्यांची रक्तपेढी नाही. अशी पाच-सहा नावं दवाखान्याच्या भिंतीवर लावलेली असली तरी पुष्कळ झालं.